पुस्तकांच्या आडोशाला : स्त्रियांच्या स्वतंत्र जागेचा नैतिक प्रश्न

१

स्त्रीवादी चळवळीचा इतिहास लिहिताना परिषदा, मोर्चे, कायदे आणि जाहीरनामे यांची नोंद आवर्जून घेतली जाते. पुस्तकांच्या दुकानांची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक या चळवळीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या संस्था निर्माण केल्या, त्यांत स्त्रियांनी चालविलेले पुस्तकांचे दुकान ही एक अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण संस्था होय. १९७० साली अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात ‘ॲमेझॉन’ नावाचे असे दुकान निघाले. त्यानंतर पॅरिसमध्ये १९७४ साली, मिलानमध्ये १९७५ साली आणि लंडनच्या चेरिंग क्रॉस रस्त्यावर १९८४ साली ‘सिल्व्हर मून’ या नावाने अशी दुकाने उभी राहिली. भारतात बंगळूर येथे ‘विमोचना’ या संघटनेशी निगडित ‘स्त्रीलेखा’ हे दुकान याच परंपरेतले. या दुकानांत पुस्तके विकली जात; पण तेवढेच होत नसे. तेथे बसायला खुर्ची असे, भिंतीवर सूचनाफलक असे, वकिलाचा वा डॉक्टरचा पत्ता मिळे, सायंकाळी चर्चा होत. घर सोडून आलेली एखादी स्त्री प्रथम तेथेच येऊन चौकशी करी. म्हणूनच अशा दुकानांचे वर्णन ‘आसरा’ या शब्दाने केले जाते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हा आसरा आहे. आसऱ्याची कल्पना वरवर पाहता निर्विवाद वाटते. जिला आडोसा नाही तिला तो मिळावा, यात वाद कसला? परंतु ती नीट तपासू लागताच तीन आक्षेप समोर उभे राहतात. पहिला आक्षेप न्यायाचा : समतेसाठी झगडणाऱ्यांनी वेगळी जागा मागणे हे समतेच्या तत्त्वाशी सुसंगत आहे काय? दुसरा आक्षेप व्यवहाराचा : दुकान ही क्रयविक्रयाची जागा आहे, जिच्या दाराशी किंमत चुकवावी लागते ती जागा आसरा कशी ठरेल? तिसरा आक्षेप साहित्यविचाराचा : पुस्तकाकडे आश्रय म्हणून पाहणे म्हणजे साहित्याला सांत्वनाचे साधन करणे नव्हे काय? हे तिन्ही आक्षेप गंभीर आहेत. त्यांचा विचार परदेशी उदाहरणांवर थांबून करण्यापेक्षा मराठी स्त्रीच्या अनुभवातल्या जागांपासून करणे अधिक फलदायी ठरेल.

२

मराठी समाजात स्त्रियांना एकत्र येण्यासाठी जागाच नव्हत्या, असे म्हणणे खरे नाही. पाणवठा होता, दळणाचे जाते होते, माहेर होते, हळदीकुंकू होते. अलीकडच्या काळात भिशी आली. या जागांचे एक समान लक्षण असे की तेथे जाण्यास कारण लागते. पाणवठ्यावर पाणी भरण्याचे, हळदीकुंकवाला सौभाग्याचे, भिशीला पैशाचे. स्त्रीने घराबाहेर थांबावे हे ज्या समाजात गैर मानले जाते, तेथे थांबण्यासाठी काम हेच निमित्त होते. घागर भरल्यावर दोन घटका रेंगाळणे हे त्या निमित्ताच्या सावलीत घेतलेले स्वातंत्र्य होय. ‘कुठे गेली होतीस?’ या प्रश्नाला उत्तर तयार असावे लागते. आणि ‘पाण्याला’ हे उत्तर पुरेसे असे.

परंतु याच जागांचे दुसरे लक्षण असे की प्रत्येकीच्या दाराशी कोणीतरी स्त्री उभी राहिलेली आहे, जिला आत प्रवेश नाही. पाणवठ्यावर अस्पृश्य मानलेल्या स्त्रीला पाण्याला हात लावता येत नसे. तिची घागर कुणीतरी वरून भरण्याची वाट पाही. हळदीकुंकवाला विधवेस आमंत्रण नसते. अलीकडे संक्रांतीच्या वाणात पुस्तके देण्याची प्रथा काही घरांतून दिसते. ती स्वागतार्ह खरी. पण ते पुस्तकही जर केवळ कुंकू लावणाऱ्या हातांतच पडणार असेल, तर वस्तू बदलली, उंबरठा बदलला नाही, असेच म्हणावे लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यापाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात असा ठराव करावा लागतो, यावरून हळदीकुंकवाची जागा किती जणींना बंद होती याची कल्पना यावी.

माहेर ही यांतली सर्वांत भावपूर्ण जागा. मराठीत ‘आसरा’ या कल्पनेला जी ऊब आहे ती माहेराकडून आलेली आहे. तथापि माहेर हे लेकीला हक्काने मिळत नाही. ते भावाच्या आणि भावजयीच्या मर्जीवर अवलंबून असते. तेथे ती पाहुणी असते आणि परत जाणे हे तिच्या येण्यातच गृहीत धरलेले असते. सासरी मारहाण होते म्हणून आलेल्या लेकीला समजूत घालून परत पाठविणारे माहेर हे आपल्याकडील अनेक मृत्यूंच्या कहाण्यांत आढळते. तेव्हा आसरा आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला हक्क नाही असा आसरा शेवटी उपकाराचे रूप घेतो आणि उपकार केव्हाही काढून घेता येतो.

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या आक्षेपाचा विचार करता येईल. दुकान ही बाजारातली जागा आहे हे तिचे न्यून समजले जाते; परंतु तेच तिचे बळही आहे. बाजार माणसाला नाते विचारत नाही. दुकानात शिरणारी स्त्री कोणाची लेक, कोणाची सून, कोणत्या वाड्यातली, हे सांगण्यास ती बांधलेली नसते. ती ग्राहक असते, आश्रित नव्हे. पाणवठ्याप्रमाणेच दुकानालाही निमित्त आहे, ‘पुस्तक आणायला गेले होते’. पण पाणवठ्यावरील घागरीची जात विचारली जाई, तशी पुस्तकाच्या ग्राहकाची विचारण्याचे कारण उरत नाही. अर्थात बाजाराची ही तटस्थता अपुरी आहे. जिच्या हाती स्वतःचा पैसा नाही, तिला ही मोकळीक कागदावरच राहते. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली स्वतःच्या खोलीबरोबर स्वतःच्या उत्पन्नाचाही आग्रह धरला, त्यामागे हीच जाण होती. म्हणून स्त्रीवादी दुकानाने बाजाराची तटस्थता घेतली आणि तिच्यात एका गोष्टीची भर घातली : काही विकत न घेता बसण्याची मुभा. ‘काय हवे आहे?’ हा दुकानदाराचा स्वाभाविक प्रश्न तेथे विचारला जात नाही, किंवा विचारला तरी त्याचा अर्थ वेगळा असतो. त्या दुकानाचे नैतिक वैशिष्ट्य या एका मुभेत सामावलेले आहे.

३

पहिला आक्षेप, वेगळ्या जागेच्या न्याय्यतेचा, अधिक कठीण आहे. त्याचा विचार करण्यास कोल्हापूरइतके योग्य शहर दुसरे नसेल. कारण वेगळी जागा आणि समता यांच्यातील ताण या शहराने शतकापूर्वी प्रत्यक्ष अनुभवला आहे.

कोल्हापूरला सार्वजनिक वाचनाची परंपरा जुनी आहे. आजचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली स्थापन झाले. परंतु ग्रंथालयाचे दार सर्वांस उघडे असणे आणि सर्वांस तेथपर्यंत पोचता येणे यांत अंतर असते. हे अंतर राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. शहरातील शाळा कागदोपत्री खुल्या होत्या. पण खेड्यातून आलेल्या बहुजन समाजाच्या मुलाला राहण्याजेवण्याची सोय नव्हती. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. जातवार वसतिगृहे काढून महाराज जातिभेदाला खतपाणी घालीत आहेत, असा आक्षेप घेता येण्याजोगा होता. त्याचे उत्तर महाराजांच्याच पुढील कृतीत सापडते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश काढला. वसतिगृह वेगळे चालेल, शाळा वेगळी चालणार नाही, या भूमिकेत विसंगती नाही. वसतिगृह हे पोचण्याचे साधन होते. शाळा हे पोचण्याचे ठिकाण. साधन वेगळे असू शकते, ठिकाण सामाईकच असले पाहिजे.

वेगळेपणाचा न्याय ठरविण्याचा एक निकष यातून हाती येतो. वेगळी जागा लादलेली आहे की निवडलेली, हा पहिला प्रश्न. आणि तिचे दार कोणत्या दिशेला उघडते, हा दुसरा. अस्पृश्यांची वेगळी शाळा ही आत ढकलण्यासाठी होती. वसतिगृह हे बाहेर पडण्यासाठी होते. अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून एप्रिल २०१६ मध्ये कोल्हापुरात संघर्ष झाला, तो सामाईक ठिकाणाच्या हक्काचा संघर्ष होता. स्त्रियांच्या पुस्तकांचे दुकान हे अशा हक्काला पर्याय नव्हे. ते पोचण्याचे साधन आहे. जिने आडोशाला बसून प्रथम वाचले, बोलून पाहिले, चुकून पाहिले, ती उद्या नगर वाचन मंदिराच्या सभेत, विद्यापीठाच्या सभागृहात, ग्रामसभेत उभी राहील, अशी त्यामागील अपेक्षा असते. शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रौर्याने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९१९ साली केला. परंतु कायद्याचा आधार घेण्यासाठी आपल्यावर होते ते क्रौर्य आहे, नशीब नव्हे, असे म्हणता यावे लागते. हे म्हणण्याची भाषा कायदा देत नाही. ती दुसऱ्या स्त्रीच्या शब्दांतून मिळते.

मात्र हा निकष उलटूनही लावला पाहिजे. साधन म्हणून निर्माण झालेली जागा कालांतराने स्वतःच ठिकाण होऊन बसते. जातींच्या नावांची वसतिगृहे कोल्हापुरात आजही आहेत आणि जात मात्र गेलेली नाही. वेगळ्या जागेला सवय लागते, तिचे विश्वस्त निर्माण होतात, तिच्या दाराशी नवे पहारेकरी उभे राहतात. स्त्रियांच्या जागा या धोक्यापासून मुक्त आहेत असे समजणे भाबडेपणाचे होईल.

४

हा धोका मराठीत फार लवकर उघड झाला. आपल्याकडे स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानांची परंपरा उभी राहिली नाही. ते कार्य प्रामुख्याने नियतकालिकांनी केले. कोल्हापूरहून फार दूर नसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. पुढे ‘बायजा’, ‘स्त्री उवाच’ आणि १९८९ पासून विद्या बाळ यांनी सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’ यांनी वाचक स्त्रियांचे गट जोडले. मासिक हे घरपोच येणारे दुकान होते असे म्हणता येईल. परंतु ज्या घरात मासिक पोचते ते घर कोणाचे, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. वर्गणी भरू शकणारी, अक्षरओळख असलेली, पोस्टमनच्या हातून अंक घेऊ शकणारी स्त्री ही बहुधा मध्यमवर्गीय आणि उच्चवर्णीय होती.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण या संदर्भात मुळातून विचारात घेण्यासारखे आहे. त्या किराणा मालाचे लहानसे दुकान चालवीत. माल बांधण्यासाठी आणलेली रद्दी हे त्यांचे ग्रंथालय होते. गल्ल्यावर बसून त्यांनी वाचले आणि तेथेच लिहिले. लिहिलेली पाने घरातल्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षे लपवून ठेवली. फलटणमध्ये शिक्षणकार्य करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने हे लेखन प्रकाशात आले, १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापले गेले आणि पुढे ‘जिणं आमुचं’ या नावाने ग्रंथरूप झाले.

स्त्रियांसाठी पुस्तकांचे दुकान म्हणजे काय, या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर या हकिकतीत आहे. ते दुकान पुस्तकांचे नव्हते. तेथे खुर्च्या नव्हत्या, फलक नव्हता, मैत्रिणींचा गट नव्हता. आसऱ्याची कोणतीही बाह्य खूण तेथे नव्हती. तरीही गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यात एका स्त्रीला थांबण्याचे निमित्त होते, हातात छापलेला कागद होता आणि कोणी न पाहिलेले काही क्षण होते. आसरा या संस्थेचा किमान सांगाडा एवढाच आहे. परंतु याच उदाहरणातून त्या सांगाड्याची अपूर्णताही दिसते. पाने लपवावी लागली. आडोसा लेखन शक्य करतो. ते उघड करण्यासाठी आडोशापलीकडचे कोणीतरी लागते, जिच्याकडे निर्भयपणे ते सोपविता येईल. मिलानच्या दुकानाभोवती जमलेल्या स्त्रियांनी नेमका याच नात्याचा तात्त्विक विचार केला. स्त्रियांमध्ये ज्ञानाची, वयाची, सामर्थ्याची विषमता असते, हे नाकारण्याऐवजी ते मान्य करावे आणि एकीने दुसरीवर विश्वासाने स्वतःला सोपवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘आपण साऱ्या भगिनी’ या घोषणेपेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे. तथापि मराठी परिस्थितीत त्याला एक जोड द्यावी लागते. येथील विषमता केवळ ज्ञानाची नाही, जातीचीही आहे; आणि जिच्याकडे अधिक आहे तिनेही काही सोपविले पाहिजे. संपादनाचा अधिकार, विषय ठरविण्याचा अधिकार, कोणाला वाचायचे ते सांगण्याचा अधिकार तिने सोडला नाही, तर विश्वास एकतर्फी राहतो.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास १९८९ साली ‘स्त्री उवाच’ने प्रसिद्ध केला. शीर्षकातील ‘ही’ या एका अक्षरात मोठा युक्तिवाद दडलेला आहे. तो पुरुषांना उद्देशून आहे तसाच तो स्त्रीमुक्तीच्या रूढ इतिहासालाही उद्देशून आहे. एका स्त्रीवादी गटाने आपल्याकडेही रोखलेले ते अक्षर आपल्याच मुद्रेने छापावे, यात आसऱ्याच्या नैतिकतेची खरी कसोटी दिसते. आसरा देणारी जागा आपल्याविरुद्धची तक्रारही ठेवून घेते काय?

५

येथे तिसरा आक्षेप, साहित्याच्या सांत्वनीकरणाचा, आपोआप निकालात निघतो. पुस्तक आश्रय देते याचा अर्थ ते गोंजारते असा नव्हे. तसे असते तर आश्रयासाठी सुखान्त कादंबऱ्या पुरेशा होत्या आणि त्या कोणत्याही दुकानात मिळतात. ज्या पुस्तकांभोवती स्त्रिया जमल्या ती बहुधा अस्वस्थ करणारी पुस्तके होती. अस्वस्थ होण्यासाठीच सुरक्षित जागा लागते. घरात, सासूसासऱ्यांच्या देखत, जे वाचून चेहरा बदलेल ते वाचता येत नाही. आडोसा हा अश्रूंसाठी असतो तसा संतापासाठी आणि मतभेदासाठीही असतो.

अशा दुकानाचे आणखी एक कार्य वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. जोतीराव फुले यांनी त्याची पाठराखण केली. परंतु त्यानंतर तो मराठी वाचकाच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रसिद्ध केला तेव्हाच नव्या पिढीच्या हाती आला. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत किती स्त्रियांनी तेच विचार पुन्हा पहिल्यापासून, एकेकट्याने केले असतील! पुस्तक छापले जाणे पुरेसे नसते. ते कोणीतरी मांडून ठेवावे लागते, विचारणाऱ्याच्या हाती द्यावे लागते, संपले तर पुन्हा मागवावे लागते. सर्वसाधारण दुकानदार खपते ते ठेवतो आणि त्यात त्याचा दोष नाही. जे खपत नाही पण हरवू नये, ते ठेवणे हा विक्रीचा नव्हे, स्मृतीचा व्यवहार आहे. स्त्रीला आसरा देण्याआधी अशी जागा स्त्रीच्या शब्दाला आसरा देते.

अमेरिकेत व कॅनडात १९९०च्या दशकात शंभराहून अधिक असलेली ही दुकाने पुढे झपाट्याने कमी झाली. लंडनचे ‘सिल्व्हर मून’ २००१ साली बंद झाले. मिनिआपोलिसच्या ‘ॲमेझॉन’ने आपल्याच नावाच्या महाकाय संगणकीय विक्रेत्याविरुद्ध १९९९ साली न्यायालयात दाद मागितली, तडजोड झाली, पण २०१२ साली ते दुकानही मिटले. वाढती भाडी, साखळी दुकाने आणि संगणकावरील विक्री ही त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. आता पुस्तक घरपोच येते, स्वस्तही मिळते. मग दुकान हवे कशाला, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर पाणवठ्यानेच दिलेले आहे. घरोघरी नळ आला, ही निःसंशय मुक्ती होती; डोक्यावरची घागर उतरली आणि पाण्यावरचा पहारा बराचसा उठला. पण थांबण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले. नळ नको असे कोणी शहाणे माणूस म्हणणार नाही. म्हणायचे ते एवढेच की पाणी पोचविले म्हणजे पाणवठ्याचे सारे कार्य झाले असे होत नाही. घरपोच आलेले पुस्तक दारात कोणीतरी घेते, वेष्टन कोणीतरी फोडते. आणि ज्या घरापासून क्षणभर दूर जायचे होते, त्याच घरात ते उघडावे लागते. हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर पुष्कळ काही वाचता येते हे खरे, पण तो पडदाही अनेक घरांत तपासला जातो.

कोल्हापुरात किंवा अन्यत्र उद्या अशी जागा उभी करायची असेल तर तिचे रूप परदेशी दुकानासारखे असण्याचे कारण नाही. ती ग्रंथालयाचा एक कोपरा असेल, महाविद्यालयातली एक खोली असेल, किंवा किराणा दुकानाचा गल्लाही असेल. तिला तीन प्रश्न मात्र विचारावे लागतील. येथे कारण न सांगता थांबता येते काय? या दाराबाहेर कोण उभी आहे आणि तिला आत येण्यास काय आडवे येते? येथे बसून लिहिलेली पाने लपवावी लागतात काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी मिळाले म्हणजे आडोसा झाला. तिसऱ्याचे नकारार्थी मिळाले म्हणजे आसरा झाला. पण दुसऱ्या प्रश्नाला कायमचे उत्तर नसते. तो रोज सकाळी दुकान उघडताना, दाराची फळी काढण्यापूर्वी, पुन्हा विचारावा लागतो. आणि जी जागा तो विचारायचे थांबते, ती कितीही उबदार असली तरी तिचे माहेर होते, हक्काचे घर होत नाही.